पॅकेजचं मूळ, पॅचचं कूळ

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. अमेरिकेत राहणारा आंद्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रॅमर काही दिवसांपासून एका किरकोळ गोष्टीच्या मागे लागला होता. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर. पोस्टग्रेसमधल्या एका बदलाने वेगात किती फरक पडतो, हे त्याला मोजायचं होतं. असं मोजमाप करताना यंत्रावर बाकी सगळं निवांत असावं लागतं. पण एसएसएचडी, म्हणजे दूरच्या यंत्रावरून आत येऊ पाहणाऱ्याची ओळख तपासणारा दारवान प्रोग्रॅम, नको तितका प्रोसेसर खात होता. बाहेरून कोणी ना कोणी चुकीची नावं सांगून दार ठोठावत असतं, त्यात नवल नाही. पण त्यांना हाकलून लावायला इतके कष्ट का पडावेत? फ्रॉइंडने वेळ मोजून पाहिली. जे काम ०.२९९ सेकंदांत व्हायचं, त्याला आता ०.८०७ सेकंद लागत होते.

अर्धा सेकंद. शंभरातल्या नव्व्याण्णवांनी सोडून दिला असता. फ्रॉइंडला आठवलं, की काही आठवड्यांपूर्वी पॅकेजं अद्ययावत केल्यावर व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाने काही विचित्र तक्रारी केल्या होत्या. दोन धागे जुळले आणि माग लागला एक्सझेड युटिल्स नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका साध्यासुध्या प्रकल्पाचा. त्याच्या लायब्ररीत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ठरावीक गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल, त्याला अशा यंत्रावर ओळख न देता हवी ती आज्ञा चालवता आली असती.

फ्रॉइंडने हे जगाला कळवलं तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली. आधी त्याला वाटलं होतं, की डेबियनचं पॅकेज कोणी बिघडवलंय. नंतर कळलं, की घाण वरूनच येतेय. या लेखाचा विषय नेमका हाच आहे: खाली आपल्या हातात येतं ते पॅकेज आणि वर कुठेतरी लिहिला जाणारा त्याचा सोर्स कोड, यांच्यातलं नातं. ते कोण जपतं, कोण तपासतं, आणि कोणीच तपासलं नाही तर काय होतं.

वरचे आणि खालचे

लिनक्स म्हणून आपण जे वापरतो त्यात खरा लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, गाभा. बाकी हजारो प्रोग्रॅम जगभरच्या वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या गरजेपोटी लिहिलेले असतात. ते गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे, तयार करून वापरणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोचवायचे, हे काम डिस्ट्रिब्युशन करतं. डेबियन, फेडोरा, आर्च, उबुंटू ही त्यांतली ओळखीची नावं. डेबियन ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉकने सुरू केलं. डेब्रा ही तेव्हाची त्याची मैत्रीण आणि तो स्वतः, या दोघांच्या नावांतून ‘डेबियन’ झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजं आहेत. त्यांतला बहुतांश कोड डेबियनच्या लोकांनी लिहिलेला नाही. त्यांनी तो आणलाय, तपासलाय, शिवून बसता केलाय.

ज्याच्याकडून आणलाय त्याला या जगात ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. प्रवाहाच्या वरच्या अंगाचा. आपण प्रवाहाच्या खालच्या अंगाला, घाटावर घागर घेऊन उभे. आपल्याकडे ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. सॉफ्टवेअरच्या जगाने हा सल्ला बराच काळ नकळत पाळला आणि दोनदा तो चांगलाच महागात पडला.

पण आधी पॅकेज उघडून पाहू. डेबियनचं कुठलंही सोर्स पॅकेज घ्या, साधारण तीन फायली हाती येतात. पहिली ‘ओरिग’ टारबॉल. टारबॉल म्हणजे सोर्स कोडचं बांधलेलं गाठोडं, वरच्यांकडून आलं तसं. दुसरं लहान गाठोडं डेबियनने स्वतः घातलेल्या भरीचं. तिसरी छोटी फाइल म्हणजे दोन्हींची मोजमापं आणि मजकुरावरून काढलेले ठसे लिहून खाली मेंटेनरने केलेली डिजिटल सही. मेंटेनर म्हणजे त्या पॅकेजची जबाबदारी घेतलेला माणूस. डेबियनमध्ये तो बहुधा स्वयंसेवक असतो.

दुसऱ्या गाठोड्यात खरी गंमत आहे. त्यात ‘चेंजलॉग’ असतो: कोणत्या तारखेला कोणी काय बदललं. ज्यांनी सातबारा आणि फेरफार वाचलेत त्यांना ही फाइल परकी वाटणार नाही. सातबारा आज जमीन कोणाची ते सांगतो, ती त्याच्याकडे कशी आली हे फेरफाराच्या नोंदी सांगतात. ‘पॅचेस’ नावाच्या कप्प्यात वरच्यांच्या कोडमध्ये डेबियनने केलेले बदल एकेक करून ठेवलेले असतात. ‘कॉपीराइट’मध्ये कोड कुठून घेतला आणि कोणत्या परवान्याखाली, ते असतं. आणि ‘वॉच’ नावाची चारदोन ओळींची फाइल असते. तिच्यात वरच्यांचं नवं गाठोडं कुठे प्रसिद्ध होतं तो पत्ता लिहिलेला असतो. एक प्रोग्रॅम अधूनमधून त्या पत्त्यावर जाऊन नवं काही आलंय का, ते बघून येतो.

पॅकेजच्या आवृत्तीचा आकडाही वाचता आला पाहिजे. ‘५.४.५-१’ यात संयोगचिन्हाच्या आधीचं वरच्यांचं, नंतरचं डेबियनचं. मध्येच ‘डीएफएसजी’ ही अक्षरं दिसली, तर वरच्यांच्या गाठोड्यातला मुक्त नसलेला भाग काढून डेबियनने ते पुन्हा बांधलंय असं समजायचं. एक्सझेडचा चोरदरवाजा उघडकीस आल्यावर डेबियनला घाईघाईने जुन्या आवृत्तीवर जायचं होतं. पण आकडा मागे नेता येत नाही. यंत्र मोठ्या आकड्यालाच नवं मानतं. तेव्हा त्यांनी जे पॅकेज काढलं त्याचा आकडा होता ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. म्हणायला ५.६.१, खरं तर ५.४.५. कागद आणि वस्तुस्थिती यांची फारकत आकड्यातच कबूल करणारी ही ओळ मला फार आवडते.

खालच्यांनी खोडलेली ओळ

पहिला धडा २००८चा. त्यात वरच्यांची बाजू ठीक होती, बिघाड खालच्या अंगाला झाला.

ओपनएसएसएल ही इंटरनेटवरच्या कुलूपबंद व्यवहारांचा पाया असलेली लायब्ररी. किल्ल्या घडवताना तिला कोणालाही ओळखता येणार नाही असे यादृच्छिक आकडे लागतात. त्यासाठी ती मिळेल तिथून चिमूट चिमूट अनिश्चितता गोळा करून एका भांड्यात टाकते. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजवर काम करताना व्हॅलग्रिंडने तक्रार केली, की इथे कोरी न केलेली मेमरी वाचली जातेय. तक्रार खोटी नव्हती. एका ठिकाणी ती मेमरी मुद्दामच वाचली जात होती. मेंटेनरने ओपनएसएसएलच्या लोकांत याबद्दल विचारलं, फारसा आक्षेप आला नाही, आणि सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी टिप्पणीत टाकून बंद केल्या गेल्या. त्यांतली एक ओळ खरंच बिनमहत्त्वाची होती. दुसरी होती अनिश्चितता भांड्यात टाकणारी मुख्य ओळ.

भांड्यात उरला फक्त चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. तो त्या काळी जास्तीत जास्त ३२,७६८ असू शकत होता. म्हणजे एका जातीच्या यंत्रांवर घडवलेल्या, एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या जगभर मिळून तेवढ्याच. कोणीही बसल्या बैठकीत सगळ्या घडवून जवळ ठेवाव्यात आणि एकेक करून कुलपाला लावून पाहाव्यात. सप्टेंबर २००६ पासून ही चूक पॅकेजात होती. लुचियानो बेलो या डेबियनच्याच विकसकाला ती सापडली आणि १३ मे २००८ रोजी जाहीर झाली. उबुंटूसारखी डेबियनवर उभी असलेली डिस्ट्रिब्युशनंही त्यात आली. जगभरच्या व्यवस्थापकांना पॅकेज बदलून भागलं नाही. मधल्या काळात घडवलेली प्रत्येक किल्ली फेकून नवी करावी लागली.

नंतर बराच दोषारोप झाला. वरचे म्हणाले, आमच्याकडे नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं. खालचे म्हणाले, विचारलं होतं. मुद्दा दोघांच्या मधल्या जागेचा होता. पॅच डेबियनच्या घरात राहिला, वर गेला नाही. गेला असता तर ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांच्या डोळ्यांखालून गेला असता. २००९ मध्ये डेबियनने पॅचच्या माथ्यावर काय लिहावं याचा एक नमुना मांडला. लेखक कोण, कुठून आला, आणि ‘फॉरवर्डेड’: वरच्यांना कळवला का? हो, नाही, की गरज नाही? पॅचचं कूळ सांगणारा हा कागद. तो भरण्याची सक्ती नाही, पण भरलेला असला की पुढच्या माणसाला कुठे विचारायचं ते कळतं.

वरून आलेलं गाठोडं

२०२४च्या गोष्टीत खालच्यांची बाजू ठीक होती. निदान तसं दिसत तरी होतं.

एक्सझेड हा फिनलंडमधल्या लासे कोलिनने वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळलेला प्रकल्प. २०२१च्या अखेरीस जिया टान या नावाने कोणीतरी छोट्या दुरुस्त्या पाठवू लागलं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कोलिनवर तगादा सुरू झाला: कामं तुंबलीत, दुसऱ्याला घ्या. त्यांतलं एक नाव जिगर कुमार असं भारतीय वळणाचं होतं. तेही बनावट मानलं जातं. कोलिनने आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या, हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे याचीही आठवण करून दिली. शेवटी जिया टान सहमेंटेनर झाला. २०२३ पासून नवी गाठोडी तोही बांधू लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ ही आवृत्ती आली. विष दोन तुकड्यांत होतं. मोठा तुकडा चाचणीसाठीच्या, मुद्दाम खराब केलेल्या दाबलेल्या फायलींत लपवलेला. अशा फायली कोणी उघडून वाचत नाही, त्या खराब असणंच अपेक्षित असतं. हा तुकडा सर्वांसमोर गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, भांडारात पडून होता. त्याला जागं करणारा छोटा तुकडा, ‘बिल्ड-टू-होस्ट’ नावाच्या फाइलमधल्या काही ओळी, गिटमध्ये नव्हता. तो फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होता.

हे कसं खपलं? गिटमधला कोड आणि टारबॉल तंतोतंत सारखे नसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. या पद्धतीच्या प्रकल्पांत गाठोडं बांधताना यंत्राने तयार केलेल्या हजारो ओळींच्या स्क्रिप्ट आत घातल्या जातात. घेणाऱ्याकडे ती बनवणारी साधनं नसली तरी त्याचं अडू नये, म्हणून ही जुनी सोय. या सोयीमुळे फरक असणं नेहमीचं झालं आणि त्या फरकात काय आहे हे कोणी बघेना. गाठोड्यावर जिया टानची डिजिटल सही होती आणि ती अस्सल होती. सही कोणाची एवढंच सही सांगते, माणूस कसा ते सांगत नाही.

त्या ओळींना कुठे जागं व्हायचं याचंही भान होतं. यंत्र ठरावीक जातीचं आहे का, डेबियनचं किंवा फेडोराच्या पद्धतीचं पॅकेज बनवलं जातंय का, हे पाहून मगच त्या कामाला लागायच्या. कारण चोरदरवाजा उघडायचा होता एसएसएचडीमध्ये, आणि एसएसएचडी ज्याचा भाग आहे तो ओपनएसएसएच प्रकल्प मुळात एक्सझेड वापरतच नाही. वरच्यांचा कोड शेवटच्या ओळीपर्यंत वाचला तरी दोघांचा संबंध सापडणार नाही. संबंध खालच्यांनी जोडला होता. सेवा सुरू झाल्याची वर्दी सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला मिळावी म्हणून डेबियन, फेडोरा यांनी एसएसएचडीला एक छोटा पॅच लावला होता. त्या पॅचमुळे सिस्टमडीची लायब्ररी आत आली, आणि तिच्याबरोबर एक्सझेडची. आर्च लिनक्स हा पॅच लावत नाही, म्हणून तिथे एसएसएचडीपर्यंत वाटच नव्हती. बातमी कळताच आर्चने तीच ५.६.१ आवृत्ती टारबॉलऐवजी थेट गिटमधून बांधून काढली, तर जागं करणारा तुकडा गायब. आकडा तोच, वाट वेगळी.

फ्रॉइंडचा अर्धा सेकंद इथून आला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत हे पोचलं नव्हतं. प्रयोगाच्या शाखेत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत आणि ओपनसुसेच्या टंबलवीडसारख्या सतत अद्ययावत होणाऱ्या डिस्ट्रिब्युशनांत पोचलं होतं. उबुंटू २४.०४ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली गेली. २००६ मध्ये व्हॅलग्रिंडची तक्रार बंद करायला गेलेल्या माणसाने दार उघडं टाकलं होतं. २०२४ मध्ये त्याच व्हॅलग्रिंडच्या तक्रारीने दार सापडलं. पहिल्या वेळी तक्रार मिटवली गेली, दुसऱ्या वेळी लक्षात ठेवली गेली.

पत्ते बदलतात, नावं फसवतात

एवढ्या मोठ्या कटाची गरज असतेच असं नाही. मूळ हरवायला साधा पत्ताबदलही पुरतो.

मराठी वाचकाच्या जवळचं उदाहरण घेऊ. लिनक्सवर देवनागरी वाचलेल्या बहुतेकांनी लोहित फाँट पाहिलेला असतो. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा त्या कामात मोठा हात होता. डेबियनमध्ये त्याच्या पॅकेजचं नाव ‘फाँट्स-लोहित-देवा’, फेडोरात ‘लोहित-देवनागरी-फाँट्स’. मूळ प्रकल्प फेडोराहोस्टेड या ठिकाणी राहायचा. मार्च २०१७ मध्ये ते ठिकाण बंद झालं आणि प्रकल्प पागुरेवर हलला. असं घडलं की ‘वॉच’ फाइलमधल्या जुन्या पत्त्यावर जाणारा प्रोग्रॅम रिकाम्या हाताने परत येतो. कोणीतरी जागा असेल तर पत्ता बदलतो. नसेल तर पॅकेज चालत राहतं आणि त्याला नवं काही मिळणं बंद होतं. गूगल कोड २०१६ मध्ये बंद झालं, गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षी. तिथे राहणाऱ्या असंख्य प्रकल्पांचे पत्ते एका रात्रीत जुने झाले.

नावांचं तर विचारूच नका. डेबियनमध्ये एके काळी ‘गिट’ नावाचं पॅकेज मागितलं, तर भलतंच एक फायली हाताळायचं साधन मिळायचं. आपल्या ओळखीचं गिट ‘गिट-कोअर’ नावाने राहायचं. ‘क्रोमियम’ मागितलं तर अंतराळयानांची मारामारी असलेला खेळ यायचा. ‘नोड’ हे नाव हौशी रेडिओवाल्यांच्या एका प्रोग्रॅमने आधीच घेतलेलं, म्हणून नोडजेएसला बराच काळ वेगळ्या नावाने नांदावं लागलं. नाव सारखं म्हणजे माल सारखा, असं धरून चालणारं कुठलंही यंत्र इथे तोंडघशी पडतं.

ठसेही दगा देतात. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटची भांडारं ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने आपोआप बनणारी गाठोडी दाबण्याची पद्धत बदलली. आतला कोड अक्षरन् अक्षर तोच, पण गाठोड्याचा ठसा बदलला. ठसा जुळला नाही तर काम थांबवा, अशी शिस्त पाळणाऱ्यांची कामं जगभर थांबली. गिटहबला तो बदल त्याच दिवशी मागे घ्यावा लागला.

मुंबईच्या परिपत्रकापर्यंत

उपाय काय, तर तीन दिशांनी काम चाललंय.

पहिली दिशा म्हणजे पुन्हा तसंच बांधता येणं. एकाच सोर्स कोडमधून दोघांनी वेगवेगळ्या यंत्रांवर पॅकेज बांधलं, तर ते बिटन् बिट सारखं यावं. डेबियनने २०१३ पासून याचा पाठपुरावा केलाय. बांधण्याची वेळ, फोल्डरचं नाव, फायलींचा क्रम असल्या फुटकळ गोष्टी आत झिरपतात, त्या एकेक करून बंद कराव्या लागतात. यामुळे मधल्या यंत्रावर कोणी हात मारला तर कळतं. पण एक्सझेडमध्ये हा उपाय पुरला नसता. विषारी गाठोड्यातून दोघांनीही बिटन् बिट सारखंच विष बांधलं असतं. आधी गाठोडं आणि गिट यांची तुलना करायला हवी.

दुसरी दिशा म्हणजे मूळ जपून ठेवणं. फ्रान्सच्या इनरिया या संस्थेने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज हे भांडार जाहीर केलं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी स्तेफानो झाकिरोली हे डेबियनचे माजी प्रमुख. जगातला सार्वजनिक सोर्स कोड गोळा करायचा आणि प्रत्येक फाइलला तिच्या मजकुरावरून निघणारा चाळीस अक्षरी ठसा द्यायचा. पत्ता बदलला, नाव बदललं, गाठोडं वेगळ्या पद्धतीने दाबलं, तरी हा ठसा बदलत नाही. पॅकेजातली फाइल मूळ प्रकल्पातलीच आहे का, हे यावरून विचारता येतं. चोरदरवाजा उघड झाला त्या दिवशी गिटहबने एक्सझेडचं भांडारच बंद केलं. ज्या घटकेला सगळ्यांना मूळ बघायचं होतं त्याच घटकेला तिथे कुलूप. इतरत्र प्रती होत्या म्हणून तपास चालू राहिला.

तिसरी दिशा यादीची. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते घटक आहेत त्याची यादी, म्हणजे ‘एसबॉम’. अमेरिकेने २०२१च्या अध्यक्षीय आदेशात तिचा आग्रह धरला. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये मुंबईहून सेबीने शेअरबाजाराशी संबंधित संस्थांसाठी काढलेल्या सायबर सुरक्षा आराखड्यातही ही यादी आली. म्हणजे हा विषय आता वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आणि हिंजवडीतल्या टेबलांवर पोचलाय.

तिथे गोंधळ कुठे होतो तेही पाहा. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधली एक गंभीर चूक जाहीर झाली. वरच्यांनी ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. डेबियन १२ मध्ये होती ९.२. डेबियनने आवृत्ती बदलली नाही, फक्त दुरुस्ती मागे आणून लावली, आणि पॅकेजचा आकडा झाला ‘१:९.२पी१-२+डेब१२यू३’. नुसतं ‘९.२’ वाचणारं तपासणीयंत्र लाल दिवा लावतं. शेपटी वाचता येणारा माणूस सांगतो, की ‘यू३’ म्हणजे दुरुस्ती बसलीय. उलटही होतं. आकडा नवा असतो, यंत्र हिरवा दिवा दाखवतं, आणि आत एक्सझेडची विषारी ५.६.१ असते. यादीत नाव आणि आकडा असून भागत नाही. कोणाकडून घेतलं, कोणत्या वाटेने आलं आणि वाटेत कोणी काय शिवलं, हेही लागतं.

हे सगळं लिहून ठेवणारे लोक थोडे आहेत आणि त्यांतले बरेच फुकट काम करतात. आपल्याकडच्या ज्या कंपन्या रोज या पॅकेजांवर धंदा करतात, त्यांनी आपल्या यादीतली निदान दहा नावं उचलावीत आणि एका माणसाला आठवड्यातला एक दिवस द्यावा: गाठोडं आणि गिट जुळतं का, ‘वॉच’चा पत्ता जिवंत आहे का, पॅच वर कळवलाय का, आणि वर बसलेला मेंटेनर एकटा पडलाय का. यातलं शेवटचं काम यंत्राला जमणार नाही.

लासे कोलिनने मे २०२४ मध्ये ५.६.२ काढली, चोरदरवाजा उपसून टाकलेली. ओपनएसएसएचने जुलैमधल्या ९.८ मध्ये सिस्टमडीला वर्दी देण्याची सोय स्वतःच केली, कुठलीही लायब्ररी न ओढता. मोजक्या ओळींसाठी खालच्यांनी जोडलेला तो सांधा वरच्यांनी आपल्या घरात घेतला. जिया टान कोण होता, एक माणूस की टोळी, कुठल्या देशाचा, हे आजतागायत उघड झालेलं नाही. त्याचं कूळ सापडलं नाही. मूळ मात्र सापडलं, कारण कोड उघडा होता, जुनी गाठोडी कोणीतरी जपून ठेवली होती आणि एका माणसाने अर्धा सेकंद सोडून दिला नाही.